शुक्रवारचा बेड

बेलातुकूमच्या तलावावर वीस वर्षं एकाच माणसाच्या तोंडचा आकडा चालला. पहाटे जाळं ओढलं, टोपल्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आल्या, एकेक टोपली काट्याला लागली, की घनश्याम पचारे डोळे बारीक करून बघायचा आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "एकवीस." मग जरा थांबून पुन्हा, "एकवीस." दुसऱ्यांदा म्हटलं की व्यापाऱ्यानं लिहायचं आणि मच्छीमार सोसायटीच्या माणसांनी मान डोलवायची. वाद नसे. मासळी ओली असते, टोपलीतून पाणी गळत असतं, म्हणून वीस किलोमागं एक किलो पाण्याची काट धरायची, हेही त्यानंच ठरवलेलं. व्यापारी दीड किलो मागायचे, सोसायटीवाले अर्धा देऊ म्हणायचे. घनश्याम म्हणायचा, "टोपली सावलीत ठिवा घंटाभर, मंग मोजा. एक किलोच निथरते." त्यानं ते खरंच मोजून पाहिलेलं होतं.

ढिवराच्या घरात जन्मलेला हा माणूस पोहण्यात साधारण आणि जाळं फेकण्यात त्याहून साधारण. पण काट्यापाशी उभा राहिला की गाव त्याला मोठा मानायचं. इतकं मोजणाऱ्या या माणसानं स्वतःचं बीपी मात्र कधी मोजून घेतलं नाही. आशाताई यंत्र घेऊन दारात आली की तो म्हणायचा, "मले काय झालं? त्या म्हाताऱ्याईचं घे." शेहेचाळिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायचं. किती दिवस, असं बायकोनं, इंदिराबाईनं, विचारलं. डॉक्टर कागदावर लिहीत राहिला.

नागपूरच्या खाजगी दवाखान्यात सात महिने निघाले. इंदिराबाईच्या अंगावरचं आणि गोठ्यातलं, जे होतं ते त्या सात महिन्यांत गेलं. आठव्या महिन्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, गावापासून अठरा किलोमीटरवर, डायलिसिस सुरू झालं. चार मशिनी, दिवसाला दोन शिफ्टा, रविवार बंद, आणि पैसा एकही नाही. घनश्यामला आनंदाआधी भीती वाटली. गुरं विकून जे मिळत होतं ते इथं फुकट मिळतं, म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार.

ती भीती दिव्यानीनं घालवली. दिव्यानी ही तिथली टेक्निशियन. वडशाकडची, तिशीच्या आतली, हसताना सुद्धा हातातलं काम न सोडणारी. मशीनला जाणारं पाणी तपासल्याशिवाय ती सकाळी पहिला माणूस आत घेत नसे. एक माणूस उठला आणि दुसरा बसायचा म्हटलं तर मधे मशीन चाळीस मिनिटं धुतली जायची, दारात कोणी कितीही कुरकुर करो. चपला बाहेर, हात साबणानं कोपरापर्यंत. सुकलू नावाचा एक थट्टेखोर पेशंट पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "मॅडम, फुकटच्या दवाखान्यात एवढं सोवळं काऊन?"

"फुकट तुमच्यासाठी आहे, सुकलूकाका," दिव्यानी म्हणाली होती. "रक्ताले काय माहीत फुकट काय अन् पैशाचं काय."

घनश्यामला हे बोलणं फार आवडलं. त्याच्या धंद्यातलंच ते होतं. माल कोणाचा का असेना, काटा एकच.

डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन घ्यावं लागतं. किडनी नसलेल्या माणसाच्या अंगात प्यालेलं पाणी साठून राहतं. वजन जेवढं वाढलं तेवढं पाणी मशीननं काढायचं असतं. वजनाचा काटा दाराबाहेर, भिंतीला लावून ठेवलेला होता. दिव्यानी आत सुया लावण्यात, नर्स गोळ्या वाटण्यात. मग आपोआपच ते काम घनश्यामकडे आलं. तो दारात उभा राहायचा, एकेकाला काट्यावर चढवायचा आणि आत आकडा टाकायचा, दोनदा. दिव्यानी मान वर न करता वहीत लिहायची. "काका असले की मले काट्याची चिंता नाही," असं तिनं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही सांगितलं.

घनश्यामचे दिवस होते सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. अडीच वर्षांत हे तीन दिवस त्याच्या आयुष्याचे खुंटे झाले. सोमवारी चार तास हात न हलवता पडायचं, घरी येऊन गळून झोपायचं, मंगळवारी जरा माणसात यायचं, की बुधवार. मावशीच्या तेराव्याला जाता आलं नाही, कारण शुक्रवार होता. भाच्याच्या लग्नात हळदीला गेला आणि वरात दारात यायच्या आत निघाला. कुठंही गेलं तरी दोन दिवसांच्या आत परत. खुंट्याला बांधलेली गाय जशी दोरीच्या लांबीएवढंच गवत खाते, तसा तो दोन दिवसांच्या लांबीएवढा जगत होता. आणि त्यात तहान. दिवसाला अर्धा लिटर पाणी, डाळ आणि चहा धरून. इंदिराबाई सकाळी औषधाच्या जुन्या बाटलीत मोजून भरायची आणि माठावर उलटा पेला ठेवून द्यायची. एप्रिलमध्ये शेहेचाळीसचं ऊन पडायचं तेव्हा घनश्याम बर्फाचा खडा जिभेखाली धरून भिंतीकडे तोंड करून पडायचा. माठाकडे बघायचं नाही, एवढाच त्याचा उपाय.

तरीही तो जगत होता, आणि चांगला जगत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

होळी झाली आणि सोसायटीचा अध्यक्ष पोचू घरी आला. पोचू आणि घनश्याम लहानपणापासूनचे, एकमेकांना 'गा' म्हणणारे. पोचू उंबऱ्यावरच बसला.

"तलाव आटून राह्यला गा. जाळं सुरू केलं. दर शुक्रवारी."

"शुक्रवारीच काऊन?"

"शनिवारचा बाजार हाय ना. शुक्रवारी माल नाई निघाला तं व्यापारी येते कायले?" पोचूनं पायातला काटा काढल्यासारखं अंगठ्याकडे पाहिलं. "नवा व्यापारी हाय. त्याचा पेटीचा काटा हाय, लाल आकड्याचा. तो दोन किलो काटून राह्यला पाण्याची. आमी भांडलो तं म्हणते, मोजून दाखवा. आता कोन मोजन? तू तं तिकडं झोपला राहतं."

"झोपतो का मी तिकडं?"

"मंग काय नाचतं?"

दोघंही हसले. पण पोचू गेल्यावर घनश्यामला हसू आलं नाही. आपण तिथं नाही आणि पाण्याची काट दोन किलो झाली, ही गोष्ट त्याच्या छातीत बसली. आयुष्यात एकच गोष्ट त्यानं नीट केली होती, आणि ती त्याच्या पाठीमागं मोडत होती.

त्याच आठवड्यात महिन्याच्या महिन्याला येणारे डॉक्टर आले. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "तुमची थोडी लघवी अजून होते. दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलोच्या आत राहत असेल, महिनाभर, तर आठवड्याला दोनदा करून बघता येईल. सोमवार आणि गुरुवार, किंवा सोमवार-बुधवारच ठेवा. पण वजनावर सगळं आहे."

घनश्यामनं बाहेर येऊन इंदिराबाईला काही सांगितलं नाही.

त्यानं प्रयत्न केला. अर्ध्या लिटरचं पाव लिटर केलं. भात कोरडा खाल्ला. पण शुक्रवार ते सोमवार हे तीन दिवस लांब होते आणि ऊन तापायला लागलं होतं. त्या सोमवारी तो काट्यावर उभा राहिला तेव्हा काट्यानं एकसष्ट दोनशे दाखवलं. त्याचं पाणी काढल्यानंतरचं वजन अठ्ठावन्न. म्हणजे तीन किलो दोनशे. आत दिव्यानी पाठमोरी होती, सुकलूच्या हाताला सुई लावत.

"काका, तुमचं?"

त्यानं आकड्याकडे पाहिलं. अंगातलं पाणी काही हाडामांसाचं नसतं, त्याच्या मनात आलं. ओल्या मालातून पाणी निथरतंच. एवढं ऊन आहे, घाम आहे, दोन दिवसांत किलो-दीड किलो असंच जाईल. वीस वर्षं तो पाण्याची काट धरत आला होता. टोपलीच्या बाबतीत ते खरं होतं. टोपलीला भोकं असतात, हे त्याच्या मनात आलं नाही.

"एकोणसाठ आठशे," तो म्हणाला. सवयीनं जरा थांबला. "एकोणसाठ आठशे."

दुसऱ्यांदा म्हटलं आणि लिहिलं गेलं.

मशीननं लिहिल्याएवढंच पाणी काढलं. उठल्यावर काट्यावर एकोणसाठ चारशे होते. त्यानं अठ्ठावन्न सांगितले. बुधवारी तसंच. शुक्रवारी तसंच. एकदा काट धरली की ती रोज धरावी लागते, नाहीतर पहिल्या दिवसाचा हिशेब लागत नाही. महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी वही पाहिली. सगळे आकडे दोन किलोच्या आत. "वा," ते म्हणाले, "असे पेशंट पाहिजेत. शुक्रवार बंद करून बघू."

शुक्रवारचा बेड रिकामा झाला आणि तो पुनमला मिळाला.

पुनम घनश्यामच्या बाजूच्या बेडवर असायची, सोमवारी आणि बुधवारी. सव्वीस वर्षांची. बाळंतपणात रक्त फार गेलं आणि किडन्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. तिचा नवरा संघपाल भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली. आठवड्यातून एकदा घरी यायचा. तिसऱ्या दिवसाला इथं जागा नव्हती म्हणून पुनम दर शुक्रवारी चंद्रपूरला जायची. तिथंही फुकटच होतं, चांगलं होतं. पण सकाळी सहाच्या एसटीनं जायचं आणि रात्री आठाला परत. दीड वर्षाचा मुलगा सासूजवळ. तो रडून रडून झोपला की ती पोचायची.

दिव्यानीनं तिला सांगितलं तेव्हा पुनमनं आधी विश्वास ठेवला नाही. मग सुया लागलेल्या हातानंच ती घनश्यामकडे वळायला गेली आणि दिव्यानी ओरडली, "हात!"

"काकाजी," पुनम छताकडे बघत म्हणाली, "तुमी माह्यासाठी सोडला का शुक्रवार?"

"नाई पोरी, डॉक्टरनं बंद केला."

"वजन तं तुमीच आवरलं ना. मले नाई जमत. मी तं आंब्याच्या दिवसात मरतोच, रस सोडवत नाई." ती हसली. "पोरगं आता मले ओळखन तरी."

पुढच्या सोमवारी तिनं त्याच्यासाठी बाळंतविड्यातलं एक नवं कोरं हातरुमालाएवढं फडकं आणलं, सुईखाली ठेवायला. सुकलूनं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं, "घनश्यामभाऊ, तुमचा फोटो लावाव लागते आता इथी. हार आमी आणतो, पर आत्ताच नाई." सगळे हसले. घनश्यामही हसला. खरं सांगायची एक वेळ असते; ती त्या हसण्यात निघून गेली.

शुक्रवारी तो पाळीवर गेला. माणसांनी त्याला जागा करून दिली. नव्या व्यापाऱ्याच्या पेटीच्या काट्यावर त्यानं टोपली ठेवली, घंटाभर सावलीत ठेवली, पुन्हा ठेवली. एक किलो. व्यापारी लिहायला लागला. पोचूनं त्याच्या पाठीवर हात मारला आणि घनश्यामला वाटलं, आपण जिवंत आहोत. तीन शुक्रवार तसे गेले. पहाटेची हवा, रोहूच्या अंगावरचा उजेड, त्याचा स्वतःचा आवाज पाण्यावरून जाऊन परत येणारा.

पण अंगात पाणी चढत होतं. पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. दिव्यानीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, लोणचं खाल्लं. बीपी वाढलं, गोळी वाढली. आता पाच दिवसांची काट धरावी लागायची, बुधवारपासून सोमवारपर्यंतची, आणि ती किलो-दीड किलोची राहिली नव्हती. उताणं झोपता येईना. तो खाटेवर उशा रचून बसल्या बसल्या डोळे मिटायचा. इंदिराबाई सगळं बघत होती.

"तुमी पाणी चोरून पिऊन राह्यले का?"

"नाई."

"मंग हे कुठून येऊन राह्यलं?"

"उन्हाचं हाय."

"ऊन का आंगात शिरते?" ती म्हणाली. "मॅडमले सांगा. नाई तं मी येतो सोमवारी अन् सांगतो."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे तिला माहीत नव्हतं. सांगायचं तर दीड-दोन महिन्यांचे आकडे खोटे, वीस वर्षांचा तोंडचा आकडा खोटा. आणि सांगितलं की शुक्रवार परत घ्यावा लागणार. तो शुक्रवार आता रिकामा नव्हता. त्यावर एक माणूस झोपलेलं होतं. त्यानं बाहेर पडायला जी फट केली होती, तिच्यातून आता दुसरंच कोणी आत आलेलं होतं.

चौथ्या शुक्रवारी, सूर्य चांगला वर आलेला, सातवी टोपली काट्याला लागली. घनश्यामनं पाहिलं. एकोणीस. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. त्यानं पुन्हा श्वास घेतला. श्वास अर्ध्यावर अडकला, जणू छातीत कोणी ओली गोणी ठेवली होती. माणसं थांबून बघत होती. "एक..." तो म्हणाला आणि खाली बसला. तोंडातून गुलाबी फेस आला.

पोचूनं आणि दोघांनी त्याला व्यापाऱ्याच्या गाडीत घातलं, बर्फाच्या पेट्यांच्या मधे, टेकून बसवून. इंदिराबाई मागून धावत आली ती गाडीच्या फळीला लोंबकळूनच चढली.

तालुक्याला पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. चारही मशिनी चालू. दिव्यानीनं त्याला बघितलं, ऑक्सिजन लावला, आणि मग पहिल्यांदा तिनं स्वतः त्याला काट्यावर धरून उभं केलं. एका बाजूनं पोचू, एका बाजूनं ती. मग दोघांनी क्षणभर हात सोडला. काट्यानं चौसष्ट आठशे दाखवलं. तिनं आत जाऊन वही उघडली. बुधवारी निघताना अठ्ठावन्न. तिनं वही मिटली. दोन दिवसांत कोणाचं वजन सात किलो वाढत नाही, हे तिला नव्यानं शिकायचं नव्हतं. तिनं फोनवर डॉक्टरांना आकडा सांगितला.

"मॅडम," तिसऱ्या बेडवरून पुनम म्हणाली, "माह्यं काढा. काकाजीले लावा."

"तुझे दोन तास बाकी आहे."

"मले दम नाई लागून राह्यला. काढा."

दिव्यानीनं डॉक्टरांना विचारलं आणि पुनमच्या सुया काढल्या. मग मशीन धुवायला लावली. पोचू दारातून म्हणाला, "आता लावा ना लवकर, माणूस मरून राह्यला."

"धुतल्याशिवाय नाही लावत."

"आज तं राहू द्या."

"आज पण नाही," दिव्यानी म्हणाली. तिनं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन वाढवला, त्याच्या पाठीमागं उशी रचली आणि घड्याळाकडे पाहिलं.

ती चाळीस मिनिटं घनश्याम जागा होता. एकेक श्वास ओढून आणावा लागत होता, दोरानं जड जाळं ओढावं तसा. समोर बाकावर पुनम हात दाबून बसली होती, कापसाखालून रक्त थांबायची वाट बघत. तिचा अर्धा डायलिसिस बाकी होता आणि तो तिला परत मिळणार नव्हता. ती त्याच्याकडे बघून मधूनच मान हलवायची, होईल, होईल. त्याला डोळे मिटायचे होते. मिटले की दम जास्त लागायचा.

वाचला तो. सोमवारी सकाळी आला तेव्हा वजनाचा काटा दाराबाहेर नव्हता. आत, दिव्यानीच्या टेबलाला लागून होता.

"चढा," ती म्हणाली. तिनं स्वतः वाचलं, स्वतः लिहिलं. एकदाच.

सुई लावून झाल्यावर ती स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. आवाज खाली होता. "काका, मी वर कळवलं. लपवणार नव्हती. वजन मी बघायला पाहिजे होतं, ते मी तुमच्यावर सोडलं. मले विचारणा झाली आहे, ती मी बघतो. पण मले एक सांगा, काऊन केलं?"

"तलावावर जायचं होतं."

तिला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, जिथं कातडीखाली मशीनसाठी जोडलेली शीर थरथरत होती. "डॉक्टर म्हणते तीनदा लागतेच. नोंद पाहिली तं शुक्रवार तुमचा होता, चुकीच्या आकड्यावर बंद झाला. म्हणजे तुमाले परत देता येते. पुनमचं नाव पुन्हा यादीत टाकीन."

बाजूच्या बेडवर पुनमनं सगळं ऐकलं होतं. ती काही मागणार नाही, हे घनश्यामला माहीत होतं. ती छताकडे बघत म्हणाली, "सहाची एसटी अजून आहे का, काकाजी? का उन्हाळ्याचा टाईम बदलला?"

त्यानं तिच्याकडे मान वळवली. "मी तुह्यासाठी नोयता सोडला शुक्रवार. आकडा खोटा सांगितला. मले तलावावर जायचं होतं म्हणून."

"आत्ता ऐकलं ना."

"तू मले फडकं आणलं."

"मंग काय परत घेऊ?" ती म्हणाली. "चार शुक्रवार पोराले मी झोपवलं. ते तं खरंच झालं ना."

दिव्यानी उठायला लागली तेव्हा घनश्याम म्हणाला, "मॅडम, चंद्रपूरचं माह्या नावानं लिवा. शुक्रवारचं."

"काका, तब्येत पाहा तुमची. एसटीनं अडीच तास जायचं, अडीच तास यायचं."

"हे पोरगी जातच होती ना."

"ती सव्वीसची आहे."

"लिवा," तो म्हणाला. हे त्यानं एकदाच म्हटलं. दिव्यानीनं त्याच्याकडे पाहिलं, मग पुनमकडे, आणि फॉर्म काढला.

बाहेर बाकावर इंदिराबाईला कळलं तेव्हा ती तिथंच भडकली. "मले इचारलं का? डायलिसिस झाल्यावर तुमी उभे नाई राहत, तुमाले एसटीत कोन चढवन? म्हणजे मी बी गेली. तेंदूपत्त्याचे दिवस हाय, मंग रोवणी लागते. माह्या शुक्रवारची मजुरी कोन देईन, तो पोचू?"

घनश्यामनं खोटं बोलून एक दिवस सोडवला होता. खरं बोलून दोघांचे दोन अडकवले.

पोचू संध्याकाळी येऊन बसला. सोसायटीनं स्वतःचा पेटीचा काटा घ्यायचं ठरवलं आहे, गावातली रिंकू कॉलेजात शिकलेली आहे, ती लिहील, असं म्हणाला. काट एक किलोचीच ठेवू, व्यापारी मानला आहे. घनश्याम म्हणाला, "सावलीत घंटाभर ठिवत जा." पोचू म्हणाला, "हो गा, सांगितलं तिले."

शुक्रवारी दोघं सहाच्या एसटीत बसले. पुनमनं बुधवारी वहीचं एक पान फाडून दिलं होतं, घडी करून. गाडी गाव सोडून जंगलाच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यानं ते उघडलं. अक्षर नीट होतं, शाळेतलं.

'उतरल्यावर रिक्षा करू नका, दहा मिनिटांचा रस्ता आहे, सावलीनं जाता येतं. केसपेपरच्या खिडकीवर डावी रांग लवकर सरकते. काकूंना बसायला वॉर्डाच्या मागच्या व्हरांड्यात पंखा आहे, तिथं कोणी उठवत नाही. सुया काढल्यावर लगेच निघू नका, अर्धा घंटा बसा, मला एकदा चक्कर आली होती. परतीच्या गाडीत मागं बसू नका. कंडक्टरला सांगून ठेवा, तो थांबतो. पहिले पाच-सहा शुक्रवार जड जातात. पुढं सवय होते.'

"काय लिवलं?" इंदिराबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

घनश्यामनं कागदाची पुन्हा घडी केली, पुनमनं घातलेल्याच घड्यांवरून.

"गाडीचा टाईम," तो म्हणाला.